ऑगर यंत्र घेताना: सीसी नंतर, जमीन आधी

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपास खानदेशातले शेत मोकळे होते. गहू-हरभरा घरात आलेला असतो, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या असतात, सालदाराचे नवे साल सुरू होते आणि वर्षभर पुढे ढकललेली खोदाईची कामे एकदम समोर उभी राहतात. कुठे रानडुकरांना अडवण्यासाठी तारेचे कुंपण घालायचे असते, कुठे कारल्या-दोडक्याचा मांडव उभारायचा असतो, कुठे बांधावर शेवगा किंवा लिंबू लावायचा असतो. ही कामे पूर्वी पहार, कुदळ आणि घमेले यांवर होत. आता तालुक्याच्या गावातही अवजारांच्या दुकानासमोर खड्डे खोदण्याचे ऑगर यंत्र मांडलेले दिसते, आणि ते पाहायला आलेल्या शेतकऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: किती सीसीचे घेऊ? हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो तिसरा किंवा चौथा प्रश्न आहे. तो पहिला विचारला की पुढची निवड हमखास बिघडते. ती का बिघडते, हे समजावून घेण्यासाठी आधी यंत्राच्या पोटात काय चालते ते पाहू.

हातात धरायच्या ऑगरचे तीन भाग असतात. वर छोटे इंजिन, त्याखाली गिअर बॉक्स, आणि त्याला पिनेने अडकवलेला, मळसूत्रासारख्या पात्याचा लांब दांडा, ज्याला बाजारात सरसकट बिट म्हणतात. बिटाच्या टोकाशी असलेले दात माती कापतात आणि मळसूत्र ती वर आणते. इंजिन आणि गिअर बॉक्स यांच्यामध्ये एक क्लच असतो. इंजिन मंद चालत असताना तो सुटलेला असतो. ॲक्सिलरेटर दाबून फेरे वाढवले की क्लचचे शू, म्हणजे घर्षणाने पकडणारे तुकडे, बाहेर फेकले जाऊन डब्याला आतून घट्ट चिकटतात आणि बिट फिरू लागते. ॲक्सिलरेटर सोडला की बिट थांबले पाहिजे.

सीसी हा आकडा इंजिनाच्या सिलिंडरचे आकारमान सांगतो. त्यावरून ताकदीचा अंदाज येतो, पण बिट मातीत किती जोराने फिरेल हे त्यावरून कळत नाही. बिटाला लागतो तो पीळ, म्हणजे मेकॅनिक ज्याला टॉर्क म्हणतात तो फिरवण्याचा जोर. समजा, एखाद्या इंजिनाची ताकद दीड किलोवॅट, म्हणजे साधारण दोन अश्वशक्ती आहे आणि ते मिनिटाला ७,००० फेरे घेते. त्या वेगात इंजिनाच्या दांड्यावर मिळणारा पीळ जेमतेम २ न्यूटन-मीटर असतो, म्हणजे लोणच्याच्या बरणीचे घट्ट झाकण उघडायला मनगटाने जेवढा जोर द्यावा लागतो, साधारण तेवढाच. एवढ्या जोरावर माती कापली जाणार नाही. म्हणून गिअर बॉक्स वेग कमी करून पीळ वाढवतो. गिअरचे प्रमाण ३० ला १ असेल तर बिट मिनिटाला सुमारे २३० फेरे घेते आणि पीळ ६० न्यूटन-मीटरपर्यंत जातो. तेच प्रमाण ४० ला १ असेल तर फेरे १७५ वर येतात आणि पीळ ८० पर्यंत चढतो. गिअरमध्ये वाया जाणारा भाग यातून थोडा वजा करावा लागतो. म्हणजे एकाच सीसीची दोन यंत्रे शेजारी ठेवली, तरी एक मऊ मातीत झपाट्याने जाणारे आणि दुसरे कठीण मातीत न अडकता संथपणे जाणारे असू शकते. दुकानात सीसी ठळक अक्षरांत लिहिलेला असतो आणि गिअरचे प्रमाण पुस्तिकेच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत असते. ते पान उघडून पाहावे, आणि तिथे ते नसेल तर बिटाचे मिनिटाला होणारे फेरे विचारावेत. त्यावरून प्रमाण काढता येते.

आता जमिनीकडे येऊ, कारण खरा निकाल तिथेच लागतो. खानदेशाची जमीन एका जातीची नाही. तापीच्या दोन्ही काठांना खोल, काळी, भारी माती आहे. तिच्यात खोलवर गेले तरी दगड लागत नाही. तिथून उत्तरेला सातपुड्याकडे निघालो की चोपडा, यावल आणि रावेर तालुक्यांत डोंगराच्या पायथ्याशी वेगळाच पट्टा लागतो. डोंगरावरून नाल्यांनी आणलेले गोटे, वाळू आणि माती तिथे एकमेकांत मिसळून बसलेली आहेत. दक्षिणेला आणि पश्चिमेला साक्री, शिंदखेडा, पारोळा या भागांत वर हातभर माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण असा थर पुष्कळ ठिकाणी सापडतो. त्यामुळे तापीकाठच्या शेतकऱ्याने मनापासून वाखाणलेले यंत्र दहा-पंधरा किलोमीटर उत्तरेच्या पाहुण्याने आणले की दुसऱ्याच खड्ड्यात गोट्यावर आपटून थयथयाट करते. यात दोघेही खोटे बोलत नसतात, त्यांच्या जमिनीच वेगळ्या असतात.

हे ओळखण्यासाठी कोणत्याही प्रयोगशाळेची गरज नाही, घरातली पहार पुरते. जिथे खड्डे घ्यायचे आहेत त्या ओळीत आठ-दहा ठिकाणी पहार मारून पाहावी. पाच-सहा घावांत ती फूटभर आत गेली आणि बाहेर काढताना टोकाला माती चिकटून आली, तर साधे ऑगर तिथे आरामात चालेल. पहार जाते पण खरखर ऐकू येते आणि टोकाला लालसर-पिवळट चुरा लागतो, तर तो मुरूम आहे. तिथे कार्बाइडचे, म्हणजे लोखंडापेक्षा कितीतरी कठीण दात असलेले बिट आणि जास्त पीळ देणारा गिअर लागेल, आणि तरीही मध्ये मध्ये पहार हाताशी ठेवावी लागेल. घावासरशी खणखण आवाज येऊन हाताला झिणझिण्या आल्या, तर तिथे हातात धरायचे कोणतेही ऑगर चालणार नाही, मग त्याचे सीसी कितीही असोत. दगड फोडणे हे ऑगरचे काम नाही. ते काम ब्रेकरचे किंवा जेसीबीचे.

काळ्या मातीची मात्र एक वेगळीच गंमत आहे, आणि तिथेच सर्वांत जास्त यंत्रे बिघडतात. हीच माती ओली असताना लोण्यासारखी, चिखल झाली की डिंकासारखी आणि मे महिन्यात वाळली की विटेसारखी असते. तिच्यातील चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि पाणी गेले की आक्रसतात, म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पेरणीसाठी आपण जो वाफसा पाहतो, तोच ऑगरसाठी पाहावा: मूठभर माती दाबली असता गोळा व्हावा आणि खाली टाकला असता फुटावा. वाफशाच्या आधी, म्हणजे ओल जास्त असताना, माती बिटाच्या पात्यांमध्ये चिकटून बसते, वर येत नाही आणि सारे मळसूत्र एका जाड खांबासारखे फिरत राहते. वाफसा गेल्यावर, म्हणजे कडक उन्हात, बिट वरच्या थरावर नुसते घासत राहते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. अमळनेर तालुक्यात बोरी नदीच्या बाजूला माझ्या मोठ्या भावाचे शेत आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही कुंपणासाठी ५२ सीसीचे यंत्र आणि सोबत १२ इंची बिट घेतले. मोठे बिट सगळ्या कामांना चालेल असा आमचा हिशोब होता. मे महिन्याच्या शेवटी, भर दुपारी, आम्ही पहिला खड्डा घ्यायला उभे राहिलो. बिट सहा इंच गेले आणि थांबले. आम्ही दोघांनी मिळून वरून वजन टाकले आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरला. इंजिन ओरडत होते, बिट हलत नव्हते, आणि थोड्याच वेळात क्लचच्या जाळीतून निळसर धूर आणि जळक्या पट्ट्यासारखा वास यायला लागला. क्लचचे शू जळाले होते. यंत्र परत नेले तेव्हा दुकानदाराने ही वापरण्यातली चूक आहे, हमीत बसत नाही, असे सांगितले. त्या वेळी राग आला, पण ते खरे होते. फक्त ते विकताना सांगितले असते तर बरे झाले असते. पुढच्या आठवड्यात नवे शू बसवून, ८ इंची बिट लावून आम्ही पुन्हा सुरुवात केली, पण या वेळी आधी कुंपणाच्या ओळीत ठिबकची जुनी नळी पसरली, प्रत्येक खांबाच्या जागी एक ड्रीपर येईल अशी ती लावली आणि तीन-चार तास पाणी सोडले. दोन दिवस थांबलो. तिसऱ्या दिवशी सकाळी तेच यंत्र त्याच जमिनीत मिनिटभरात दीड फूट उतरत होते. ज्या भागात घरोघरी ठिबकच्या नळ्या पडून आहेत, तिथे ही युक्ती फुकटची आहे.

दीड फूट खोल आणि ८ इंच व्यासाच्या खड्ड्यातून सुमारे १५ लिटर माती निघते. तिचे वजन वीस-बावीस किलो भरते. त्याच खोलीच्या १२ इंची खड्ड्यातून ३३ लिटर माती, म्हणजे जवळजवळ पन्नास किलो निघते. व्यास दीडपट झाला तर माती सव्वादोन पट होते. कापण्यासाठी लागणारा पीळही तितकाच वाढतो, कारण बिटाची बाहेरची कड केंद्रापासून दूर जाते आणि कापायची धार लांब होते. त्यात यंत्राचे नऊ-दहा किलो आणि मोठ्या बिटाचे सात-आठ किलो मिळवले, की दिवसाच्या शेवटी कंबर का धरते ते कळते. मातीने भरलेले बिट एकदम वर ओढण्याचा मोह आवरावा. सहा-सात इंच खाली जावे, फिरते बिट थोडे वर उचलावे, माती कडेला फेकली जाऊ द्यावी, आणि मगच पुढे जावे. वेग कमी वाटला तरी एकूण वेळ यानेच वाचतो.

व्यास ठरवताना खड्ड्यात काय बसणार आहे ते पाहावे. लोखंडी अँगलसाठी ४ किंवा ६ इंची बिट पुरते. चार इंची सिमेंटच्या पोलसाठी ८ इंची बिट योग्य, कारण पोलच्या चारी बाजूंना मुरूम ठासायला दोन-दोन इंच जागा लागते. शेवगा, सीताफळ यांसाठी १२ इंची खड्डा कामचलाऊ होतो. आंब्यासाठी मीटरभर लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यावा, डाळिंबासाठी सुमारे दोन फुटांचा, अशी जी शिफारस आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत, ती हातातल्या ऑगरने पूर्ण होत नाही. तसे सांगून यंत्र विकणारा गिऱ्हाइकाला फसवतो. तिथे ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे मागच्या फिरत्या दांड्यावर चालणारा डिगर किंवा सरळ जेसीबी बोलवावा. ट्रॅक्टरचा डिगर मागच्या थ्री पॉइंट जोडणीला बसतो, पीटीओच्या मिनिटाला ५४० फेऱ्यांवर चालतो, त्याला दीड-दोन फुटांचे बिटही लावता येते, आणि दगड लागला तर शिअर बोल्ट, म्हणजे आधी तुटावा म्हणून मुद्दाम नरम ठेवलेला बोल्ट, तुटून गिअर बॉक्स वाचतो. तो बोल्ट वारंवार तुटतो म्हणून त्याजागी कडक बोल्ट घालणारे महाभाग मी पाहिले आहेत. नंतर ते गिअर बॉक्स घेऊन बसस्टँडवर उभे दिसतात. या डिगरजवळ उभे राहताना खांद्यावरचा रुमाल, धोतराचा सोगा किंवा साडीचा पदर सैल असू नये. फिरता शाफ्ट कापड धरतो तेव्हा माणसाला सोडवून घ्यायला वेळच उरत नाही.

हातातल्या यंत्राचा धोका वेगळा आहे. बिट एखाद्या गोट्यात किंवा निंबाच्या मुळीत अचानक अडकले, की न फिरणाऱ्या बिटाऐवजी वरचे यंत्र फिरू पाहते आणि मुठी धरणाऱ्याचे हात पिळवटून निघतात. साध्या हिशोबाने ८० न्यूटन-मीटरचा पीळ दोन फूट अंतरावरच्या मुठींवर वाटला, तर प्रत्येक हाताला तेरा-चौदा किलोचा झटका येतो. प्रत्यक्षात तो जास्त असतो, कारण जोरात फिरणाऱ्या इंजिनाच्या चाकातली गतीही त्याच क्षणी मुठीत उतरते. म्हणून मुठी जितक्या लांब तितका झटका कमी. आठ इंचांपर्यंतचे बिट एकट्याने, मांडी मुठीच्या चौकटीला टेकवून चालवता येते. दहा-बारा इंची बिट मात्र दोन माणसांच्या चार मुठींच्या यंत्रावरच लावावे, आणि ॲक्सिलरेटर एकाच माणसाच्या हाती असावा. काही महाग यंत्रांत बिट अडकताच गिअर थांबवणारा ब्रेक असतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या गोट्यांच्या जमिनीत तो असलेले यंत्र परवडत असेल, तर जास्तीच्या सीसीपेक्षा त्या ब्रेकवर पैसे घालावेत असे माझे मत आहे.

बिटाचे दात हा विषय दुकानात कुणी काढत नाही, पण काम तेच करतात. चांगल्या बिटाच्या मध्यभागी बारीक, टोकदार सुळका असतो. तो आधी जमिनीत रुतून बिटाला जागेवर धरून ठेवतो. त्याच्या दोन्ही बाजूंना कापणारी पाती असतात. ती बोल्टने बसवलेली असावीत, वेल्डिंग केलेली नसावीत, कारण झिजल्यावर ती बदलता आली पाहिजेत. मुरमाड जमिनीत साध्या लोखंडाची पाती दोन-तीन दिवसांत गोल होतात. काळ्या मातीसाठी मळसूत्राच्या दोन वेढ्यांमधील अंतर मोकळे असावे, नाहीतर चिकट माती तिथेच घर करते. दांड्याचे भोक आणि पिनेचा आकार मोजून घ्यावा. हातातल्या बहुतेक यंत्रांत २० मिलिमीटरचा शाफ्ट असतो, आणि तो असला तर दुसऱ्या दुकानातले बिटही बसते.

ऑनलाइन बिट मागवणाऱ्यांसाठी एक सूचना. याच यंत्राचा सख्खा भाऊ अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, कॅनडात आणि फिनलंडमध्ये वेगळ्याच कामासाठी वापरतात. तिथे हिवाळ्यात तळी गोठतात, आणि मासे धरणारे लोक बर्फात सहा, आठ किंवा दहा इंची भोक पाडून त्यातून गळ सोडतात. त्यांच्या बिटाला सहसा मातीच्या बिटासारखे दात नसतात. सुताराच्या रंध्यासारखी धारदार, सपाट पाती असतात आणि ती बर्फाचा पातळ कीस काढत खाली जातात. फोटोत दोन्ही बिटे सारखीच दिसतात. बर्फाचे बिट आपल्या मातीत घातले तर त्याची धार काही मिनिटांत जाईल. त्या लोकांची निवड आपल्यापेक्षा एका बाबतीत सोपी असते. बर्फात गोटे नसतात, त्यामुळे भोकाचा व्यास आणि बर्फाची जाडी कळली की त्यांचे यंत्र बहुतेक ठरते. उलट बॅटरीच्या बाबतीत दोघांचेही दुखणे आहे. थंडीत लिथियम बॅटरी लवकर उतरते म्हणून ते लोक ती कोटाच्या आत उबेत ठेवतात, आणि आपल्याकडे भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा उन्हात तापलेली बॅटरी चार्जिंगला लावू नये म्हणून आपण ती सावलीत ठेवायची.

यावरून ओघानेच इंधनाचा प्रश्न येतो. बॅटरीचे यंत्र शांत, बिनधुराचे आणि चालू करायला सोपे आहे. परसबाग, रोपवाटिका किंवा मांडवाचे चार इंची खड्डे एवढेच काम असेल तर ते जरूर पाहावे, पण शेताच्या कडेला दोनशे खड्डे घेताना दोन-तीन बॅटरी आणि जवळ वीज लागेल. तारेवर चालणारे विजेचे यंत्र स्वस्त असते, मात्र शेतातल्या विजेच्या पाळ्या आणि शंभर मीटर लांब वायरमधून येणारा कमी दाब पाहता ते घराजवळच शोभते. म्हणून आपल्याकडे अजून पेट्रोलचेच यंत्र चालते, आणि त्यातही टू स्ट्रोक. ते हलके असते, कसेही आडवे ठेवता येते, गावातला कोणताही मेकॅनिक ते खोलू शकतो. फोर स्ट्रोकचे इंजिन धूर कमी करते आणि पेट्रोल कमी पिते, पण जड असते, महाग असते आणि त्याच्या ऑइलची पातळी स्वतंत्रपणे पाहावी लागते.

टू स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर जाणारे ऑइलच पिस्टनला वंगण देते. मिश्रणाचे प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत दिलेलेच पाळावे: २५ ला १ असेल तर लिटरला ४० मिली, ४० ला १ असेल तर २५ मिली आणि ५० ला १ असेल तर २० मिली. डोळ्यांच्या अंदाजाने बाटलीच्या झाकणाने ओतणे बंद करावे. मेडिकलमध्ये मिळणारी सिरिंज यासाठी उत्तम. ऑइल कमी पडले तर उन्हाळ्यात पिस्टन सीझ होतो, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम होऊन बसतो, आणि तो दुरुस्त करण्याचा खर्च ऐकून नवे यंत्र बरे वाटते. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते आणि जास्त दिवस ठेवले तर टाकीत पाणी वेगळे होऊन तळाशी बसते, शिवाय कार्ब्युरेटरमधील रबरी पडदेही त्याने लवकर खराब होतात. म्हणून मिश्रण त्या दिवसापुरतेच करावे आणि काम संपले की टाकी रिकामी करून, उरलेले पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत ते चालू ठेवावे. सिलिंडरभोवतीच्या पंख्यांसारख्या चकत्यांमध्ये अडकलेली धूळ रोज संध्याकाळी ब्रशने काढावी. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला श्वास घ्यायची तेवढीच वाट असते.

विकत घ्यावे की भाड्याने, याचे उत्तर खड्ड्यांच्या आकड्यात आहे. चौकोनी एका एकराचा घेर सुमारे ८३५ फूट असतो. दर दहा फुटांवर खांब धरला तर त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी खड्डे होतात. पाच एकरांचा घेर मात्र पाचपट होत नाही, तो सुमारे १,८६७ फूट होतो आणि खांब १८७ लागतात. हे काम वाफशात दोन दिवसांचे आहे आणि आयुष्यात एकदाच करायचे आहे. त्यासाठी यंत्र भाड्याने आणावे, किंवा चार भाऊबंदांनी मिळून घ्यावे. स्वतःचे यंत्र त्याला परवडते, जो दरवर्षी मांडव हलवतो, रोपवाटिका चालवतो किंवा जुन्या लिंबू-आंब्याच्या घेराखाली चार इंची बिटाने आठ-दहा भोके पाडून त्यात शेणखत भरतो. हे शेवटचे काम फारसे कुणी करत नाही, पण माझ्या मते हातातल्या ऑगरचा तो सर्वांत चांगला उपयोग आहे.

केळीसाठी ऑगर घ्यावे का, असे रावेर-यावलकडचे शेतकरी हमखास विचारतात. पाच बाय पाच फुटांवर एकरी १,७४२ रोपे बसतात. प्रत्येक खड्ड्याला जागा बदलण्यासह दीड मिनिट धरले तरी त्रेचाळीस-चव्वेचाळीस तास होतात, म्हणजे एका यंत्रावर पाच-सहा दिवस. ट्रॅक्टरने सरी पाडून, टिश्यू कल्चरचे रोप बसेल एवढी जागा कुदळीने करणारी माणसे याहून लवकर मोकळी होतात. मोकळ्या काळ्या जमिनीत केळीसाठी हे यंत्र घेऊ नये, असे मी स्पष्ट सांगतो.

दुकानात पैसे मोजण्याआधी यंत्र चालू करून दाखवायला सांगावे. थंड इंजिन चोक लावून तीन-चार ओढींत चालू व्हावे. मंद चालताना बिट स्थिर राहिले पाहिजे. ते हळूहळू फिरत असेल तर मंद वेग जास्त ठेवलेला आहे किंवा क्लचची स्प्रिंग सैल आहे, आणि असे यंत्र हातात धोकादायक ठरते. बंद करायचे बटण अंगठ्याच्या टप्प्यात, मूठ न सोडता दाबता यावे. क्लचचे शू, प्लग, ओढायची दोरी आणि पाती हे चार सुटे भाग त्याच दुकानात मिळतात का, हे विचारावे, आणि मिळतात असे उत्तर आले तर ते काढून दाखवायला सांगावे.

शेतात पहिला खड्डा घेण्याआधी ठिबकची सबमेन, म्हणजे जमिनीखालचा मोठा पाइप, आणि बोअरची केबल कुठून गेली आहे ते घरातल्या जुन्या माणसाला विचारून चुन्याने आखून घ्यावे. पाइप दोन-अडीच फुटांवर असतो आणि दोन फुटांचा खड्डा घेताना तो वाचेल असे वाटते, पण वरची माती नांगरटीने आणि पावसाने सरकलेली असते.

खड्डा झाला म्हणजे काम झाले असेही नाही, विशेषतः काळ्या मातीत. फिरते बिट खड्ड्याच्या भिंती घासून कुंभाराच्या माठासारख्या गुळगुळीत करते. अशा खड्ड्यात रोप लावले तर मुळ्या भिंतीत शिरत नाहीत, आतल्या आत गोल फिरतात, आणि पावसाचे पाणीही तिथे साचून राहते. म्हणून लागवडीच्या प्रत्येक खड्ड्याच्या भिंती पहारेने किंवा खुरप्याने चहूबाजूंनी ओरबाडून घ्याव्यात आणि खड्डा काही दिवस उन्हात तापू द्यावा. खांबाच्या खड्ड्याला हे लागत नाही, पण तिथे निघालेली काळी मातीच पुन्हा भरण्याची चूक होते. ती माती पहिल्या पावसात फुगते, दिवाळीनंतर आक्रसते, आणि होळीपर्यंत कुंपण दारूड्यासारखे एका बाजूला कलते. खड्डा दोन फूट खोल घ्यावा, तळाशी मूठ-दोन मूठ खडी टाकावी, खांब ओळंब्यात धरून भोवती मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत टाकावा, प्रत्येक थरावर थोडे पाणी शिंपडावे आणि पहारेच्या बुंध्याने तो ठासावा. कोपऱ्याच्या खांबाला तारेचा ताण दोन बाजूंनी येतो, म्हणून तिथे मात्र १० इंची बिट लावून काँक्रीट भरावे.